बुद्धिबळाचा डाव आणि दूरचा प्रेक्षक

अहिल्यानगरहून छत्रपति संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासें तालुक्यांत, घोडेगांव आहे. येथूनच शनिशिंगणापुराकडे वाट फुटते, आणि गुरांच्या व कांद्याच्या बाजारासाठीं हें गांव साऱ्या पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. अशा गांवच्या बाजारांत उभें राहून एखाद्या तरुणानें काळ्या समुद्राच्या कांठीं चाललेला बुद्धिबळाचा डाव भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खेळीगणिक पाहावा, ही गोष्ट आज कोणासहि नवलाची वाटत नाहीं. २८ जुलै २०२५ रोजीं जॉर्जिया देशांतील बातूमी शहरीं नागपूरची दिव्या देशमुख आणि आंध्र प्रदेशची कोनेरू हंपी या दोघी महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा निर्णय लावण्यासाठीं समोरासमोर बसल्या, तेव्हां नागपूर काय, घोडेगांव काय किंवा खुद्द बातूमी काय, पाहणाऱ्यास अंतर असें उरलेंच नव्हतें.

परंतु त्या पडद्यावर पटाच्या शेजारीं आणखी एक वस्तु होती. पांढऱ्या व काळ्या रंगांची एक उभी पट्टी आणि तिच्यावर एक आंकडा. प्रत्येक खेळीसरशी ती पट्टी खालीं-वर होई, आणि कोणाची बाजू किती वरचढ आहे हें आंकडा तत्काळ सांगे. ही पट्टी लक्षावधि प्रेक्षकांना दिसत होती. ज्या दोघींचें भवितव्य तींत दाखविलें जात होतें, त्यांना मात्र ती दिसत नव्हती. पाहणाऱ्यास खेळणाऱ्यापेक्षां अधिक कळावें, ही अवस्था बुद्धिबळाच्या दीर्घ इतिहासांत अगदीं अलीकडची आहे. ती कशी आली, तिनें प्रेक्षकास काय दिलें आणि त्याच्याकडून काय घेतलें, हें पाहण्याजोगें आहे.

पूर्वीं बुद्धिबळाचा प्रेक्षक म्हणजे पटाभोंवतीं बसलेलीं चार माणसें. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादीं यांचे जे सामर्थ्य त्यांना ठाऊक, तेंच खेळणाऱ्यांना ठाऊक. बघ्यानें मध्यें बोलूं नये, हा या खेळाचा अलिखित नियम. आणि बोललाच, तर त्याचें बोलणें खरें कीं खोटें हें पुढील खेळीच ठरवी. पटापासून दूर असलेल्या माणसास या खेळांत भाग घेतां आला तो प्रथम लेखनामुळें. १८१४ साली मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ इंग्रजी भाषेंत छापून निघाला. असा ग्रंथ उघडून घरीं पट मांडणारा वाचक हा एक प्रकारें दूरचा प्रेक्षकच होता. युरोपांत तर याच सुमारास शहरांशहरांमध्यें पत्रद्वारां डाव खेळले जाऊं लागले. एडिंबरो व लंडन या दोन शहरांचा असा सामना १८२४ पासून १८२८ पर्यंत चालला. टपालाची गाडी येई तेव्हां एक खेळी कळे आणि तिच्यावर विचार करण्यास कित्येक दिवस मिळत.

तारायंत्रानें हा विलंब कमी केला. १८९०-९१ मध्यें न्यूयॉर्कचा स्टाइनिट्झ आणि सेंट पीटर्सबर्गचा चिगोरिन यांनीं तारेनें दोन डाव खेळून आपला जुना वाद मिटविला. दोन्ही डाव चिगोरिननें जिंकले. पुढें दुसरें महायुद्ध संपतांच, सप्टेंबर १९४५ मध्यें, अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्यांत चक्क रेडिओवरून सामना झाला. प्रत्येक पक्षाचे दहा खेळाडू आपापल्या देशांत बसले होते आणि खेळ्या आकाशमार्गें जात-येत होत्या. रशियानें हा सामना १५½ विरुद्ध ४½ अशा गुणांनीं जिंकला. येथेंहि एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. बातमी पोंचविण्याचें साधन कितीहि बदललें, तरी तें साधन डावाविषयीं स्वतः कांहींच बोलत नव्हतें. तार असो वा रेडिओ, त्यानें खेळी आणून द्यावी. तिचा अर्थ ज्यानें त्यानें आपल्या बुद्धीनें लावावा.

महाराष्ट्रांत बुद्धिबळाची जी आवड रुजली ती याच रीतीनें. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारें स्पर्धांची परंपरा उभी केली आणि त्या शहरास या खेळाचें माहेरघर बनविलें. १९५५ साली एलुरू येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तींत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे हे वेंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरले. १९७४ मध्यें महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. त्यानंतर जयश्री, वासंती व रोहिणी या तिघी बहिणींचें नांव घरोघर झालें. १९८१ साली हैदराबाद येथें रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या, तेव्हां ज्यांना तो विजय समजून घ्यावयाचा होता, त्यांना वर्तमानपत्रांत छापलेल्या खेळ्या पाहून घरच्या पटावर मोहरीं हालवावीं लागत. बातमी शिळी असे. परंतु ती समजण्यासाठीं केलेलें श्रम ताजे असत.

त्या काळच्या एका प्रथेनें तर प्रेक्षकास व खेळाडूस एका पंक्तीस बसविलें होतें. डाव ठराविक वेळांत संपला नाहीं तर तो दुसऱ्या दिवसावर टाकीत. ज्याची पाळी असेल त्यानें आपली पुढील खेळी कागदावर लिहून पाकिटांत बंद करावी आणि तें पाकीट पंचांच्या स्वाधीन करावें. मग रात्रभर दोघेहि खेळाडू आपापल्या सहाय्यकांसह त्या स्थितीचा विचार करीत. आणि जगभर वर्तमानपत्र पाहणारे हौशी लोकहि तोच विचार करीत. १९७२ साली आइसलंडची राजधानी रेक्याविक येथें फिशर व स्पास्की यांच्यांत जगज्जेतेपदाचा सामना झाला. त्यांतील एकविसावा डाव ३१ ऑगस्टच्या रात्रीं असाच तहकूब राहिला, आणि दुसऱ्या दिवशीं पाकीट फुटण्यापूर्वींच स्पास्कीनें टेलिफोनवरून हार कळविली. स्पास्कीला जें रात्रींत उमगलें, तें कोणा दूरच्या वाचकासहि त्याच रात्रीं उमगणें अशक्य नव्हतें. दोघांपाशीं साधन एकच होतें: पट आणि डोकें.

ही समता मोडली ती संगणकानें. १९९६ साली फिलाडेल्फिया येथें जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह यानें 'डीप ब्लू' या यंत्राचा ४ विरुद्ध २ असा पराभव केला होता. पुढील वर्षीं न्यूयॉर्क येथें पुन्हां सामना झाला. ४ मे १९९७ रोजीं दुसऱ्या डावांत पंचेचाळिसाव्या खेळीनंतर कास्पारोव्हनें आपली स्थिति निरुपाय आहे असें समजून हार मानली. परंतु डाव पाहणाऱ्या जगभरच्या हौशी लोकांनीं तीच स्थिति आपापल्या घरच्या संगणकांवर मांडली, आणि काळ्या वजिरानें सतत शह देऊन डाव बरोबरींत सोडविण्याचा मार्ग त्यांना सांपडला. जगांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूला ही गोष्ट दुसऱ्या दिवशीं आपल्याच सहकाऱ्यांकडून ऐकावी लागली. त्यानंतरचे तीन डाव बरोबरींत सुटले आणि ११ मे रोजीं शेवटचा डाव गमावून त्यानें सामनाहि गमावला. यंत्रानें मनुष्यास हरविलें, म्हणून तें वर्ष लोकांच्या स्मरणांत राहिलें. परंतु घरीं बसलेल्या प्रेक्षकानें जगज्जेत्याची चूक रातोरात दाखविली, हीहि त्याच आठवड्यांतील घटना आहे, आणि तिचे परिणाम अधिक दूरवर पोंचले. डाव रात्रभर तहकूब ठेवण्याची प्रथा याच काळांत बंद पडली. कारण रात्रभर यंत्रच विचार करील, तर सकाळीं खेळाडूंनीं खेळावयाचें काय?

आज स्टॉकफिशसारखी आज्ञावली कोणासहि विनामूल्य मिळते आणि ती साध्या भ्रमणध्वनीवरहि जगज्जेत्यास भारी ठरते. ती जो आंकडा दाखविते त्याचा अर्थ सोपा आहे. एका प्याद्याचें मोल १ धरावें. आंकडा अधिक दीड असेल, तर पांढऱ्याची बाजू दीड प्याद्याइतकी वरचढ. उणे दीड असेल, तर काळ्याची. यासाठीं यंत्र दर सेकंदास लक्षावधि स्थिति तपासतें, आणि पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरीं उरलीं, कीं निकालाचीं तयार कोष्टकेंच उपलब्ध असतात. परंतु या आंकड्यांत एक गोष्ट सांगितलेली नसते. दोन्ही बाजूंनीं यापुढें यंत्राइतक्या अचूक खेळ्या केल्या तर, अशी त्यामागें अट असते. त्या खेळ्या मनुष्यास सुचण्याजोग्या आहेत कीं नाहींत, हें तो सांगत नाहीं. घोडेगांवच्या बाजारांत पुकारलेला कांद्याचा भाव ऐकून त्या कांद्यामागची मशागत कळत नाहीं, तसेंच हें आहे. वरचढपणाचा एकच आंकडा कधीं सरळ राजरस्ता दाखवितो, तर कधीं कड्यावरची एकच एक अरुंद वाट. दुरून डोंगर साजरे दिसतात. चढणाऱ्याच्या पायांखालचा दगड दुरून दिसत नाहीं.

१२ डिसेंबर २०२४ रोजीं सिंगापूर येथें याचा प्रत्यय सर्व जगास आला. चीनचा डिंग लिरेन व भारताचा दोम्माराजू गुकेश यांचे गुण ६½-६½ असे समान होते आणि चौदावा, म्हणजे अखेरचा नियमित डाव चालू होता. गुकेशपाशीं एक प्यादें अधिक होतें, तरी स्थिति बरोबरीची होती. पंचावन्नाव्या खेळीस डिंगनें आपला हत्ती असा हालविला कीं हत्तींची व पाठोपाठ उंटांची अदलाबदल अटळ झाली, आणि मागें उरला तो प्याद्यांचा हरलेला डाव. पडद्यावरची पट्टी तत्क्षणीं कोसळली. घरोघर लोक ओरडले. पण खुद्द गुकेशला ती चूक पहिल्या क्षणीं जाणवली नव्हती, असें त्यानें नंतर सांगितलें. तो दुसरीच खेळी करण्याच्या बेतांत होता. त्या कांहीं क्षणांत जगज्जेतेपद कोणाकडे जाणार हें सर्वांना कळलें होतें आणि ज्याला तें मिळावयाचें त्यालाच कळलेलें नव्हतें. यंत्राच्या साह्यानें पाहणाऱ्यास तो निकाल फुकट मिळाला. अठरा वर्षांच्या गुकेशनें तो स्वतःच्या डोळ्यांनीं शोधून काढला. दोघांचें ज्ञान एकच, परंतु मोल एक नव्हे.

या ज्ञानामुळें खेळावर पहारेहि बसले. स्पर्धेच्या दालनांत भ्रमणध्वनि नेण्यास बंदी आली. खेळाडूंची तपासणी होऊं लागली. कांहीं मोठ्या स्पर्धांत तर खेळ्यांचें प्रक्षेपणच मुद्दाम पंधरा मिनिटें उशिरां करतात. पूर्वीं बातमीस होणारा उशीर साधनांच्या दुबळेपणामुळें होता. आजचा उशीर त्यांच्या अतिसामर्थ्यामुळें करावा लागतो.

आतां पुन्हां बातूमीकडे वळावें. दिव्या देशमुख एकोणीस वर्षांची. तिनें झू जिनेर, द्रोणवल्ली हरिका आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना क्रमानें बाद करून अंतिम फेरी गांठली. त्यांपैकीं तान झोंगयीशीं झालेला निर्णायक डाव तर एकशेंएक खेळ्या चालला. हंपी तिच्यापेक्षां दुप्पट वयाची आणि अनुभवानें कितीतरी मोठी. २६ जुलैच्या पहिल्या डावांत यंत्राचा आंकडा दिव्याच्या बाजूनें बराच वर गेला होता. पण ती संधि निसटली आणि डाव बरोबरींत सुटला. दुसऱ्या दिवशींहि बरोबरी. २८ तारखेस जलद डाव सुरू झाले, त्यांत प्रत्येकीस पंधरा मिनिटें आणि दर खेळीमागें दहा सेकंद इतकाच वेळ. पहिला जलद डाव बरोबरींत सुटला. दुसऱ्यांत काळ्या मोहऱ्यांनीं खेळतांना दिव्यानें वरचष्मा मिळविला, शेवटच्या टप्प्यांत तो ढिला पडला, आणि घड्याळें रिकामीं होत असतांना पट्टी पुन्हां पुन्हां हेलकावे खाऊं लागली. पडद्यापुढें बसून 'ही खेळी चुकली', 'तीहि चुकली' असें म्हणणें त्या वेळीं अगदीं सोपें होतें. अखेरची चूक हंपीची झाली आणि दिव्या विजयी झाली. त्या विजयाबरोबर ती भारताची अठ्ठ्यायशींवी ग्रँडमास्टर बनली, आणि आईच्या गळ्यांत पडून रडली.

या प्रसंगानंतर दिव्यानें काढलेले उद्गार कोणत्याहि आंकड्याहून अधिक बोधप्रद आहेत. आपल्याला डावाच्या अखेरच्या टप्प्याचा अभ्यास केला पाहिजे, तेथें आपण चुकलों, अशी कबुली तिनें विजयाच्या त्याच दिवशीं दिली. यंत्राची पट्टी तिच्यासमोर नव्हती. तरी आपली चूक तिला ठाऊक होती, कारण ती तिनें पटावर भोगली होती.

अंकगणिताच्या पुस्तकाच्या शेवटीं उत्तरें छापलेलीं असतात. तीं छापूं नयेत असें कोणी म्हणत नाहीं. त्यांच्यावांचून आपलें गणित बरोबर आलें कीं नाहीं हें मुलास कसें कळावें? परंतु जें मूल आधीं शेवटचें पान उघडतें, त्यास उत्तर येतें, गणित येत नाहीं. बुद्धिबळाच्या आजच्या प्रेक्षकासहि हाच नियम लागू आहे. त्यानें पट्टीवर हात ठेवून ती झांकावी, पटाकडे पाहावें, आपल्या मतें योग्य ती खेळी मनाशीं ठरवावी, आणि मगच हात काढावा. आपली खेळी चुकली असेल, तर पटापाशीं बसलेल्या माणसाचें काम किती बिकट आहे हें त्यास समजेल. आणि कधीं ती बरोबर निघालीच, तर घोडेगांवच्या बाजारांत उभ्या असलेल्या त्या तरुणास बातूमीच्या पटावरील आनंदाचा खरा वांटा मिळेल.