मिडगार्डचं माजघर

‘मिडगार्ड’ हा नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या, पुराणातला शब्द. त्याचे दोन तुकडे करावेत आणि प्रत्येकाचं मराठी भावंड शोधावं. ‘मिद्’चं भावंड संस्कृतात ‘मध्य’, प्राकृतात ‘मज्झ’ आणि आपल्याकडे ‘माज’. जुन्या मराठीत कमरेलाही माज म्हणत, कारण ती देहाच्या मध्यावर. संतांच्या ओव्यांतलं ‘माजी’, ‘माझारी’ याच घरातलं. ‘गार्ड’चं भावंड ‘गृह’, म्हणजे आपलं ‘घर’. दोन्ही जोडले की शब्द तयार होतो ‘माजघर’. अक्षर न् अक्षर तपासलं तरी नातं टिकतं, आणि याचा मला मनापासून आनंद होतो.

‘मिडगार्ड’ हा शब्द आजच्या मुलांच्या तोंडी आला तो व्हिडिओ खेळांमधून. न्यू पनवेलला लागून असलेल्या विचुंब्यात आता इमारतींवर इमारती उभ्या राहिल्यात आणि तिथल्या मुलांना ओडिन, थॉर, लोकी ही नावं घरच्यासारखी पाठ आहेत. अशाच खेळांपैकी एक ‘टू ह्यूमन’. कॅनडातल्या सिलिकॉन नाइट्स या कंपनीने केलेला आणि 2008 मध्ये एक्सबॉक्स 360 वर आलेला. त्यात नॉर्स देव म्हणजे यंत्रांनी ताकद वाढवलेली माणसं. नायक बाल्डर इतर देवांच्या मानाने ‘फारच माणूस’, म्हणून त्याला बोल लावले जातात. खेळाचं नाव तिथूनच. खेळाची घोषणा 1999 मध्ये झाली होती, तीही प्लेस्टेशनसाठी. पुढे खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, म्हणजे इंजिनावरून, कोर्टकचेरी झाली, आणि 2012 मध्ये न विकलेल्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. तीन भागांची योजना पहिल्या भागावरच थांबली. मला मात्र त्या खेळाने केलेली एक गोष्ट शब्दांच्या अंगाने मोलाची वाटते: पुराणातली नावं त्याने जशीच्या तशी ठेवली. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलेलं मिडगार्ड त्यातही मिडगार्डच आहे.

स्नोरी सांगतो की देवांनी यिमिर नावाच्या आद्य राक्षसाला मारून त्याच्या देहातून जग घडवलं. मांसाची जमीन झाली, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचं आकाश. आणि त्याच्या भुवयांचं कुंपण घालून आतली जागा माणसांना दिली, म्हणजे बाहेरच्या राक्षसांची बाधा नको. हे कुंपण घातलेलं मधलं आवार म्हणजे मिडगार्ड. आता पनवेल तालुक्यातलं एखादं जुनं कौलारू घर आठवून पाहा. पुढे पडवी, मग ओटी, मागे स्वयंपाकघर आणि परसू, आणि या सगळ्यांच्या आत, खिडकी असली तर हातभर, दिवसाही दिवा लागेल असं माजघर. धान्याच्या कणग्या तिथे, बाळंतिणीची बाज तिथे, पाहुणा पुरुष ओटीवरूनच परतायचा. चारही बाजूंनी राखलेली, जिवाला जपण्याची जागा. नॉर्स कवीला जगाबद्दल जे म्हणायचं होतं तेच आपल्याकडे एका खोलीबद्दल म्हटलं गेलं. विचुंब्याच्या नव्या फ्लॅटमध्ये हॉल आहे, किचन आहे, बेडरूम आहे, माजघर नाही. त्याच हॉलमध्ये बसून पोरगं पडद्यावरचं मिडगार्ड वाचवत असतं.

‘गृह’ या शब्दाबद्दल थोडं सांगायलाच हवं. एका शब्दात लागोपाठ दोन महाप्राण संस्कृतला चालत नाहीत. हा नियम हर्मान ग्रासमन या जर्मन गणितज्ञाने 1863 मध्ये मांडला. म्हणून मूळचा ‘घ’ मऊ होऊन ‘ग’ झाला आणि पुढचा ‘ध’ झिजून ‘ह’ राहिला. मराठीत मात्र घ परत दिसतो. तो ‘ह’ पुढे सरकून आला असेल नाहीतर बोलींनी जुनाच जपला असेल. काही का असेना, घर म्हणताना आपण त्या हरवलेल्या घोष महाप्राणाला पुन्हा उच्चारतो. इंग्रजीतलं ‘यार्ड’ याच गोतातलं. सोसायटीच्या फाटकावर लिहिलेलं ‘गार्डन’ही. स्कँडिनेव्हियाचे दर्यावर्दी कॉन्स्टँटिनोपलला ‘मिक्लागार्ड’ म्हणत. त्यातला ‘मिकिल’ म्हणजे आपल्या ‘महत्’चा भाऊबंद. गावाच्या नावाला असा शब्द लागतो हे पनवेलकरांना वेगळं सांगायला नको. खारघर आणि विहीघर जवळच आहेत.

यिमिरचं नावही आपल्या ओळखीचं आहे. त्याचा मूळ अर्थ ‘जुळा’ आणि त्याचा वैदिक भाऊ ‘यम’. यम आणि यमी ही जुळी भावंडं. संस्कृत ‘यमल’ म्हणजे जोडी, आणि त्यातूनच मराठी ‘जावळा’, ‘जावळी भावंडं’. शब्दाच्या आरंभीचा ‘य’ मराठीत ‘ज’ होतो, ही वाट ठरलेली आहे: यव – जव, युग – जू, यमल – जावळा. म्हणजे जुळ्यांना जावळी म्हणणारी आजी नकळत यिमिरच्या नात्यातला शब्द बोलत असते.

नुसत्या कानाने नाती जुळवायला गेलं की फसायला होतं. थॉर आणि मराठी ‘थोर’ यांचा काही संबंध नाही. आपला थोर ‘स्थूल’चा प्राकृत अवतार, आधी आकाराने मोठा, मग मानाने मोठा. थॉर म्हणजे गडगडाट, इंग्रजी ‘थंडर’ त्याचाच, आणि त्याची खरी भावंडं संस्कृतात ‘स्तनित’, ‘स्तनयित्नु’ अशी मेघगर्जनेची. विचुंबे ऐकल्यावरही कुणालाही विंचू आठवतो. पण विंचू हा ‘वृश्चिक’चा वंशज, त्याचा अनुस्वार ‘वि’वर, गावाच्या नावात तो ‘चुं’वर. एवढा फरक दिसला तरी थांबावं. जुने कागद आणि आजूबाजूची नावं पाहिल्याशिवाय गावाच्या कपाळी विंचू मारू नये. कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ 1946 मध्ये आला तेव्हापासून आपल्या भाषेला ही शिस्त उपलब्ध आहे, आणि ती पाळण्यात अंदाज बांधण्याहून जास्त गोडी आहे.

वंशाने आलेल्या नावांखेरीज दुसरा प्रकार मुद्दाम बनवलेल्या नावांचा. ‘टू ह्यूमन’मध्ये ओडिन हा आद्याक्षरांचा शब्द केलाय: ‘ऑर्गॅनिकली डिस्ट्रिब्युटेड इंटेलिजन्स नेटवर्क’. देवाचं नाव आधी, त्यात बसवलेले शब्द मागाहून. विचुंब्याच्या माणसाला याचं नवल वाटू नये, कारण त्याच्या जमिनीचा सगळा विचार ‘नैना’ या नावाखाली चालतो. ‘नवी मुंबई एअरपोर्ट इन्फ्लुएन्स नोटिफाइड एरिया’ची ती आद्याक्षरं. 2013 मध्ये सिडकोकडे या भागाचं नियोजन आलं आणि डोळ्यांसाठीचा एक हळवा शब्द सातबाऱ्याच्या चर्चेत शिरला.

नॉर्स देव आपल्या आठवड्यातही येऊन बसलेत, फक्त वेगळ्या नावाने. ट्यूजडे हा टिरचा, वेन्सडे ओडिनचा, थर्सडे थॉरचा, फ्रायडे फ्रिगचा. जर्मानिक लोकांनी रोमन ग्रहदेवतांच्या जागी आपले देव बसवले. आपल्याकडे त्याच ग्रहांची मंगळ, बुध, गुरु, शुक्र ही नावं आली. मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या स्तंभावर बुधगुप्ताच्या काळातला, गुप्त संवत् 165 म्हणजे इ.स. 484 चा लेख आहे. वार नोंदवणाऱ्या आपल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो, आणि वार आहे सुरगुरूचा. खेड्यात आजही कुणी ‘बेस्तरवारी येतो’ म्हणतो; तो बृहस्पतीचा वार हाच थॉरचा दिवस. टिर या नावाचं मूळ रूप तर ‘देव’ याच शब्दाचं सख्खं भावंड आहे.

नॉर्स आणि वैदिक ही दोन पुराणं शेजारी मांडून वाचण्याचं धाडस पुण्यात फार पूर्वी झालं. लोकमान्य टिळकांनी 1903 च्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये वैदिक उषेचं वर्णन नॉर्स आणि इतर युरोपीय कथांशी ताडून पाहिलं. आर्यांचं मूळ घर ध्रुवाजवळ होतं हा त्यांचा निष्कर्ष आजचे अभ्यासक मानत नाहीत. मला तरीही त्या पुस्तकाबद्दल आदर वाटतो, कारण एका मराठी माणसाने परक्या देवांना परकं न मानता त्यांची विचारपूस केली.

‘टू ह्यूमन’ खेळात बाल्डर पडला की आकाशातून वाल्किरी उतरते आणि त्याला उचलून नेते. खेळणाऱ्यांना तो वेळ फार वाटायचा. नावात मात्र बरंच काही आहे. ‘वाल’ म्हणजे रणात पडलेले, ‘किरी’ म्हणजे निवडणारी. या निवडण्याच्या धातूतून इंग्रजी ‘चूज’ आलं, लॅटिनमध्ये चवीचा शब्द आला आणि संस्कृतात ‘जुष्’: आवडीने स्वीकारणं, सेवणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, रथात खचून बसलेल्या अर्जुनाला श्रीकृष्ण जे पहिलं ऐकवतो, त्यात ‘अनार्यजुष्टम्’ आहे. थोरांनी न पत्करलेलं, असा अर्थ. कुरुक्षेत्रावरच्या या शब्दातला ‘जुष्’ आणि वाल्किरीतली ‘किरी’ एकाच धातूची.