पर्र्यातली नवरी

चपला काढून ठेवा. सेक्टर, सिव्हिक सेंटर, पोलाद कारखान्याची धुरांडी, सगळं पुसलं गेलंय. हे १९३० च्या फाल्गुनातलं भिलाई, दुर्ग जिल्ह्यातलं लहानसं खेडं. कापलेल्या धानाची खुंटं तळव्यांना टोचतायत. मोहाच्या फुलांचा गोडसर, आंबूस वास नाकात बसलाय.

शिरा मांडवात. गर्दी अशी, की पुढच्याच्या पाठीचा घाम तुमच्या सदऱ्याला लागतो. चुलाणाच्या धुराने डोळे चुरचुरतात. गंडवा बाजा कानाशीच वाजतोय. खरं तर इथला लग्नांचा मोठा दिवस अकती, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. ती अजून दूर आहे. पण बाजारातून बातमी आलीय: एक एप्रिलपासून सारडा कायदा लागू. चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं, तर महिन्यापर्यंत कैद, नाहीतर हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून देशभर लगीनघाई उडालीय.

नवरी शोधताय? खाली बघा. पर्रा, म्हणजे बांबूची रुंद, उथळ टोपली, आणि त्यात चार वर्षांची पोर. गाल हळदीने पिवळे, मौर, म्हणजे बाशिंग, घसरून भुवयांवर आलेला. तिला सगळे फेरे चालत झेपणार नाहीत, म्हणून उचलून भांवर पाडायचे. कुणीतरी पर्र्याचा काठ तुमच्या हातात देतं. धरा घट्ट. बोटात बांबूची कूस घुसते. तिसऱ्या फेऱ्याला ती पेंगते, चौथ्याला दचकून "दाई, दाई", म्हणजे "आई, आई", करत रडते. बाजेवाले जोर वाढवतात. अकतीला मातीच्या पुतरा-पुतरीचं, म्हणजे बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचं हिचं वय!

बापाकडे बघा. घामाघूम, हात जोडून पाहुण्यांना जेवायला बसवतोय. मला त्याचा राग येत नाही. हजार रुपये त्याने जन्मात पाहिलेले नाहीत. राग येतो तो कायदा मंजूर करून वर सहा महिने दार उघडं ठेवणाऱ्यांचा. शिवाय नंतर लागलेलं लग्नही कायद्याने वैधच राहणार होतं. शिक्षा मोठ्यांना झाली, तरी पोरीची सुटका नव्हती.

या आता परत. आज लग्नासाठी मुलीचं किमान वय १८, मुलाचं २१. मुलीचंही २१ करणारं विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत आलं आणि पुढे बारगळलं. ते पुन्हा येईल तेव्हा येवो. येत्या अकतीला कुठे लहानग्या नवरीचा मांडव पडताना दिसला, तर १०९८ वर फोन करा. हळद लागायच्या आत करा.