महाबळेश्वरचा महिनावार पाऊस : शेतीचे नियोजन कसे करावे?

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, हे सर्वांनाच माहीत आहे. पण केवळ वार्षिक आकडा पाहून पिकाचे नियोजन होत नाही. त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. म्हणूनच पावसाळ्यात पाण्याचा निचरा आणि मार्च-एप्रिलमध्ये पाण्याची टंचाई, या दोन्ही अडचणी एकाच शेतात उभ्या राहतात.

एवढा पाऊस का?
अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर बरसतात. कडा ओलांडल्यावर पाऊस झपाट्याने घटतो. १९–२० किलोमीटरवरील पाचगणीला तो निम्म्याहूनही कमी असतो आणि खाली वाईला हजार मिलिमीटरच्याही आत येतो. त्यामुळे महाबळेश्वरचा आकडा पाचगणीकडील गावांना जसाच्या तसा लावू नका.

सरासरी महिनावार पाऊस (अंदाजे, मिलिमीटरमध्ये)
• जून : ८०० ते ९००
• जुलै : सुमारे २,०००
• ऑगस्ट : १,६०० ते १,८००
• सप्टेंबर : ६०० ते ७००
• ऑक्टोबर : १५० ते २००
• नोव्हेंबर ते मे : एकूण पाऊस फारच कमी; मेमध्ये वळवाच्या सरी

ही सरासरी आहे, हमी नव्हे. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत येथे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. सप्टेंबरच्या सरासरीइतके पाणी एका दिवसात पडले. बांध, चर आणि सांडवा अशा दिवसाचा विचार करूनच ठेवावा.

मिलिमीटरचा हिशेब
एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एका एकरावर सुमारे ४,००० लिटर. हजार चौरस मीटरच्या पॉलिहाऊसच्या छतावर एकट्या जुलैत सुमारे २० लाख लिटर पाणी पडते. पन्हळी लावून ते अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात घेतल्यास उन्हाळ्यातील ठिबकला मोठा आधार होतो. जांभ्या जमिनीत पाणी लवकर झिरपते, म्हणून अस्तराशिवाय तळे टिकत नाही.

महिन्यानुसार कामे
जून ते ऑगस्ट : नाचणी, वरी आणि खालच्या खोऱ्यांत भात ही या पावसाला सरावलेली पिके. मोकळी जमीन उघडी ठेवू नका. माती वाहून जाते. पावसाने चुना, पालाश यांसारखी अन्नद्रव्येही धुऊन जातात आणि जमीन आम्ल होते. त्यामुळे खताची पूर्ण मात्रा एकदम देऊ नये. माती परीक्षण करूनच चुना वापरावा. स्ट्रॉबेरीची रोपे या काळात वाईसारख्या कमी पावसाच्या भागात वाढवली जातात, त्याचे कारण हेच.

सप्टेंबर–ऑक्टोबर : स्ट्रॉबेरी उत्पादकांसाठी हा खरा कसोटीचा काळ. लागवड लवकर केली तर उत्तरा-हस्ताच्या पावसात मूळकूज व खोडकूज होते. फार उशीर केला तर डिसेंबरचा चांगला भाव हातचा जातो. केवळ तारीख पाहू नका. पावसाची उघडीप, पुढील आठवड्याचा हवामान अंदाज आणि मातीचा वाफसा हे तिन्ही पाहून निर्णय घ्या. शक्य असल्यास सर्व क्षेत्रावर एकदम न लावता दोन टप्प्यांत लागवड करा. गादीवाफे उंच ठेवा, दोन वाफ्यांमधील चरातून पाणी शेताबाहेर जाईल असा उतार द्या आणि रोपाचा गाभा मातीत गाडला जाऊ देऊ नका.

नोव्हेंबर ते मे : पीक पूर्णपणे सिंचनावर असते. ठिबक आणि मल्चिंग पेपर वापरून पाणी वाचवा. फळधारणेच्या काळात अवकाळी पाऊस आल्यास उघडीप मिळताच खराब फळे वेचून शेताबाहेर काढा. बुरशी त्यांतूनच पसरते.

स्वतःची नोंद ठेवा
एकाच तालुक्यात दोन गावांच्या पावसात मोठा फरक असतो. साधे पर्जन्यमापक झाडे-घरांपासून दूर, मोकळ्या जागी बसवा. रोज सकाळी साडेआठला मोजणी करून वहीत लिहा. जुलैत भांडे भरून वाहण्याआधी दिवसातून अधिक वेळा मोजून बेरीज करा. चार-पाच वर्षांची वही झाली, की तुमच्या शिवारात पाऊस साधारण कधी उघडतो ते दिसू लागेल. कृषी सहायकांनी गटातील शेतकऱ्यांच्या वह्या एकत्र केल्यास लागवडीचा सल्ला तालुक्यासाठी सरसकट न देता गावनिहाय देता येईल.