आठ हजार आठशे अठ्ठेचाळीसची कुळकथा

नेपाळच्या उत्तर सीमेवरच्या शिखराच्या उंचीचा हिशोब सुरू झाला तो मद्रासच्या समुद्राजवळ. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने सेंट थॉमस माउंटजवळच्या सपाट जमिनीवर शंभर फुटी पोलादी साखळी अंथरली आणि साडेसात मैलांची एक रेषा मोजायला घेतली. उन्हात पोलाद लांबतं, म्हणून साखळी तिवयांवरच्या लाकडी पेट्यांत ठेवायची, तापमान टिपायचं, मग पुढे सरकायचं. त्या एका रेषेला ५७ दिवस लागले.

ही झाली पायारेषा. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू न मोजता काढता येतात, एवढं गणित आपल्याला शाळेतच शिकवतात. लॅम्बटनने त्याच्या जोरावर अख्खा हिंदुस्थान मोजायला काढला. एका त्रिकोणाची काढलेली बाजू ही पुढच्या त्रिकोणाची पायारेषा. अशी त्रिकोणांची माळ कन्याकुमारीकडून उत्तरेला चालू लागली. कोन मोजायचं थिओडोलाइट अर्धा टन वजनाचं होतं. १८०८ साली ते तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याच्या वर्तुळाचा आकारच गेला. लॅम्बटनने स्वतःला तंबूत कोंडून घेतलं आणि सहा आठवडे ठोकून-ठोकून ते वर्तुळ पुन्हा गोल केलं. त्याच यंत्रावर पुढे कितीतरी वर्षं काम झालं.

१८२३च्या जानेवारीत, नागपूरकडे जाताना, हा माणूस वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. तेव्हा तो सत्तरीच्या घरात होता. त्याची कबर तिथेच आहे. त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याने ती माळ पुढे डेहराडून-मसुरीपर्यंत नेली. शिखराला नाव मिळालं ते एव्हरेस्टचं, पण हा डोंगर मोजायची शिडी रोवली लॅम्बटनने. महाराष्ट्रात तरी हे नाव माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हिमालय जगात सर्वांत उंच आहे, हे आज कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. त्या काळी ते कुणाला पटत नव्हतं. दक्षिण अमेरिकेतलं चिंबोराझो हेच जगातलं सर्वोच्च शिखर, असा युरोपातल्या विद्वानांचा ठाम समज होता. वेब नावाच्या एका अधिकाऱ्याने १८१०च्या सुमारास उत्तर भारताच्या मैदानातून नेपाळमधलं धवलागिरी मोजलं आणि २६,८६२ फूट असा आकडा दिला. तो चिंबोराझोपेक्षा सहा हजार फुटांहून अधिक. लंडनमध्ये यावर अविश्वासच दाखवला गेला. आज धवलागिरीची उंची ८,१६७ मीटर, म्हणजे २६,७९५ फूट धरतात. वेब चुकला तो फक्त ६७ फुटांनी, तेही शंभरएक मैलांवरून. धवलागिरी काही काळ पहिल्या क्रमांकावर राहिलं, मग तो मान कांचनगंगेकडे गेला.

मैदानातूनच का मोजायचं? कारण नेपाळ दरबार ईस्ट इंडिया कंपनीच्या मोजणीदारांना आत येऊ देत नव्हता, आणि त्याची ही सावधगिरी योग्यच होती. ज्यांनी नकाशे काढले त्यांनी मागाहून मुलूख घेतले, हे दरबार डोळ्यांनी पाहत होता. त्यामुळे एव्हरेस्टनंतर सर्व्हेयर जनरल झालेल्या अँड्र्यू वॉला त्रिकोणांची माळ डेहराडूनहून पूर्वेला, नेपाळच्या सीमेला लागून, तराईतून न्यावी लागली.

ही तराई म्हणजे हिवतापाचं माहेरघर. सपाट, दलदलीची, उंच गवताची जमीन. टेकडीच नाही, मग एका ठाण्यावरून दुसरं दिसणार कसं? म्हणून विटा-मातीचे मनोरे बांधले. मनोऱ्याच्या मधोमध यंत्रासाठी स्वतंत्र खांब असे आणि निरीक्षक ज्या फळीवर उभा राही तिचा त्या खांबाला स्पर्श होऊ देत नसत, कारण माणसाच्या पावलांनी यंत्र किंचित हललं तरी कोन बिघडणार. गवत आणि झाडी कापून रेषा मोकळी करणारे, रात्री दिवे धरून दूरच्या मनोऱ्यावर बसणारे, यंत्र खांद्यावरून वाहणारे खलाशी, निशाणवाले आणि हमाल यांच्यातले किती जण तापाने गेले, त्याची नावानिशी यादी कुठेही नाही. या आकड्याची सर्वांत मोठी किंमत त्यांनी मोजली आहे.

१८४७ साली दार्जिलिंगच्या बाजूने कांचनगंगा मोजताना वॉला पलीकडे, खूप दूर, आणखी एक टोक दिसलं होतं. ते कांचनगंगेपेक्षा उंच असावं असा संशय आला, पण अंतर फार होतं. १८४९च्या हिवाळ्याच्या तोंडावर जेम्स निकल्सन याने बिहारच्या उत्तर भागातल्या सहा ठाण्यांवरून त्या टोकाचे कोन घेतले. सर्वांत जवळचं ठाणंही शिखरापासून शंभर मैलांहून दूर होतं. नंतर हिवतापाने निकल्सनलाही परत जावं लागलं आणि हिशोब दुसऱ्यांच्या हाती आला.

तो हिशोब किती नाजूक होता, हे जरा जवळून पाहू. ११० मैलांवरून एव्हरेस्ट क्षितिजाच्या वर जेमतेम दोन अंश दिसतं. कोन मोजण्यात एका सेकंदाची, म्हणजे अंशाच्या ३,६००व्या भागाची चूक झाली तर उंचीत जवळपास तीन फुटांचा फरक पडतो. शिवाय पृथ्वी गोल. इतक्या अंतरावर तिच्या गोलाईमुळे शिखराचा सुमारे आठ हजार फुटांचा खालचा भाग दृष्टीआड जातो, तो मिळवायचा. उलट, थंड आणि उबदार हवेच्या थरांतून येताना प्रकाशाचा किरण वाकतो आणि शिखर असतं त्यापेक्षा हजारभर फूट वर दिसतं, ते वजा करायचं. हे वाकणं सकाळी वेगळं, दुपारी वेगळं, हवेच्या तापमान-दाबाप्रमाणे वेगळं. शिखराच्या उंचीचा जो शेवटचा आकडा येतो तो या मिळवणी-वजाबाकीवर उभा असतो. नुसत्या दुर्बिणीतून पाहून उंची कळत नाही.

ही मिळवणी-वजाबाकी करणाऱ्यांचा हुद्दाच ‘कॉम्प्युटर’ असा होता, आणि त्यांच्यात मुख्य होते राधानाथ शिकदार. जन्म १८१३ साली कलकत्त्यातला. हिंदू कॉलेजात शिक्षण. १८३१ साली महिना ३० रुपयांवर मोजणी खात्यात लागले. एव्हरेस्टला त्यांच्या गणिताचा इतका आधार वाटे की त्यांना दुसऱ्या खात्यात जाऊ द्यायला तो तयार नव्हता. पण शिकदारांची मला जास्त जवळची वाटणारी गोष्ट गणिताची नाही. डेहराडूनला असताना तिथल्या गोऱ्या मॅजिस्ट्रेटने खात्याच्या मजुरांना वेठीला धरलं, तेव्हा शिकदार आडवे आले. १८४३ साली खटला होऊन त्यांना २०० रुपये दंड झाला. खात्यातला हिंदी नोकर हमालांसाठी साहेबाशी भांडतो, ही त्या काळात साधी बाब नव्हती.

आता त्यांच्याविषयीची ती प्रसिद्ध गोष्ट. १८५२ साली एके दिवशी ते धावत वॉच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, साहेब, जगातलं सर्वांत उंच शिखर मला सापडलं. ऐकायला छान आहे, पण शिकदार १८४९पासून कलकत्त्याच्या कचेरीत होते आणि वॉ डेहराडूनला. आकडेमोडीचं काम दोन्ही ठिकाणी चालू होतं, आणि डेहराडूनला हेनेसी वगैरे मंडळीही त्यात होती. शिखरांना रोमन क्रमांक देण्याची पद्धत तेव्हा पडली होती. मकालू तेरावं, मनासलू तिसावं, अन्नपूर्णा एकोणचाळिसावं, धवलागिरी बेचाळिसावं. ज्याच्याविषयी बोलतो आहोत ते पंधरावं. शिकदारांचं मोठेपण त्या धावण्यावर अवलंबून नाही. दूरच्या निरीक्षणांतून उंची काढण्याची जी रीत वापरली गेली तिच्या घडणीत त्यांचा हात होता. खात्याच्या १८५१च्या मोजणीविषयक ग्रंथात त्यांचं ऋण छापून मान्य केलेलं होतं. १८७० साली ते वारले आणि १८७५च्या तिसऱ्या आवृत्तीतून तो उल्लेख गाळला गेला. ही गाळणी मुद्दाम झाली असं मी मानतो. तेव्हाही त्यावर इंग्रजी वृत्तपत्रांतून टीका झाली होती.

दुसरी एक गोष्टही अशीच वर्षानुवर्षं सांगितली जाते. उंची बरोबर २९,००० फूट आली, पण लोकांना तो अंदाजपंचे आकडा वाटेल म्हणून वॉने वर दोन फूट चढवले आणि २९,००२ जाहीर केले! सहा ठाण्यांवरून निघालेले सहा आकडे पाहिले की ही गोष्ट गळून पडते. ते साधारण २८,९९० ते २९,०२६ फुटांच्या दरम्यान आहेत आणि त्यांची सरासरीच २९,००२ येते. सहा ठाण्यांच्या उत्तरांत ३६ फुटांचा फरक आणि तरीही सरासरी आजच्या आकड्यापासून तीस फुटांच्या आत, हे खरं आश्चर्य. त्यासाठी दोन फुटांचा चुटका लागत नाही.

वॉने मात्र घाई केली नाही. चार वर्षं पडताळून १८५६ साली त्याने निष्कर्ष कळवला आणि शिखराला आपल्या आधीच्या साहेबाचं नाव सुचवलं. खुद्द एव्हरेस्टला ते रुचलं नव्हतं. इथल्या लोकांना ते उच्चारता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. काठमांडूत राहून आलेल्या हॉजसनने देवढुंगा हे नाव पुढे केलं. तिबेटी लोक चोमोलुंगमा म्हणतच होते. १८६५ साली लंडनच्या भूगोल संस्थेने एव्हरेस्टवर शिक्कामोर्तब केलं. नेपाळमध्ये सगरमाथा हे नाव रुजवलं ते इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी, विसाव्या शतकात.

नावापेक्षा मोलाची एक गोष्ट या मोजणीतून निघाली, आणि ती निघाली एका न जुळणाऱ्या हिशोबातून. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कालियाना या दोन ठाण्यांमधलं अक्षांशाचं अंतर त्रिकोणांच्या माळेवरून एक येत होतं आणि ताऱ्यांवरून दुसरं. फरक सव्वापाच सेकंदांचा, जमिनीवर सुमारे दीडशे मीटरचा. ताऱ्यांचं निरीक्षण करताना यंत्र ओळंब्याने सरळ करतात. हिमालयाचं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला स्वतःकडे ओढत असणार, असं कलकत्त्याच्या आर्चडीकन प्रॅटने ताडलं आणि ती ओढ मोजायला बसला. त्याचं उत्तर आलं पंधरा सेकंदांच्या वर. म्हणजे हिमालय ओढतो खरा, पण त्याच्या आकारमानाला शोभेल तितका नाही. १८५५ साली इंग्लंडमधला खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याने याचा उलगडा केला. डोंगराला खाली मूळ असतं, तुलनेने हलक्या खडकाचं, खालच्या जड थरात खोल रुतलेलं, समुद्रातल्या हिमनगासारखं. पर्वत कसे तोलले जातात याचं आजचं शास्त्र इथून सुरू होतं. ती सव्वापाच सेकंदांची तफावत कुणी दडपली नाही, म्हणून हे कळलं.

१९५३ साली तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर पोचले तेव्हा पुस्तकांतला आकडा २९,००२ फुटांचाच होता. १९५०नंतर नेपाळची दारं उघडली होती. भारतीय सर्वेक्षण खात्याचे बी. एल. गुलाटी यांनी १९५२ ते १९५४ दरम्यान नेपाळच्या आत, शिखराच्या खूप जवळ ठाणी घेऊन नवं गणित केलं. समुद्रसपाटी डोंगराखाली नेमकी कुठे धरायची, या कूट प्रश्नाचाही त्यांनी विचार केला. उत्तर आलं २९,०२८ फूट, म्हणजेच ८,८४८ मीटर. आपल्या पिढ्यांनी पाठ केला तो हा आकडा. त्यामागे गुलाटी हे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

पुढे १९९९ साली अमेरिकी मोहिमेने ८,८५० सांगितले आणि २००५ साली चीनने बर्फ वगळून खडकाची उंची ८,८४४.४३ दिली. बर्फ धरायचा की खडक, यावर नेपाळ आणि चीन या दोन शेजाऱ्यांत बरीच वर्षं मतभेद राहिले. २०१५च्या भूकंपानंतर शिखर खचलं का, हा प्रश्न आला. जगातल्या आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांपैकी आठ ज्या देशात किंवा ज्याच्या सीमेवर आहेत, त्या नेपाळने आपलं सर्वोच्च शिखर तोवर स्वतः कधी मोजलंच नव्हतं. दीडशेहून अधिक वर्षं दुसऱ्यांनीच आकडे सांगितले. मग नेपाळच्या मोजणी खात्याने तराईतून, बंगालच्या उपसागराच्या पातळीवरून, टप्प्याटप्प्याने उंची वर चढवत नेली. २२ मे २०१९ रोजी पहाटे तीनच्या सुमारास या खात्याचे खिमलाल गौतम माथ्यावर पोचले. इतक्या अंधारात जाण्याचं कारण गर्दी. दिवसा तिथे यंत्र मांडून बसायला जागा मिळाली नसती. उपग्रहांचे संदेश घेणारं यंत्र आणि बर्फाची जाडी मोजणारं रडार लावून ते तिथे दोनएक तास थांबले. हिमदंशाने त्यांना पायाचं एक बोट गमवावं लागलं. पुढच्या वर्षी चिनी पथकही वर गेलं आणि ८ डिसेंबर २०२० रोजी दोन्ही देशांनी मिळून एकच आकडा जाहीर केला: ८,८४८.८६ मीटर. गुलाटींच्या गणितात फरक पडला तो फक्त ८६ सेंटिमीटरचा.

भूगोल आणि गणित शिकवणाऱ्यांना एक विनंती. हा आकडा मुलांकडून नुसता पाठ करून घेऊ नका. एक कोनमापक, एक ओळंबा आणि एक टेप द्या आणि शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची दोन-तीन जागांवरून काढायला लावा. प्रत्येक गटाचं उत्तर थोडं वेगळं येईल. ती सगळी उत्तरं फळ्यावर लिहा, सरासरी काढा, आणि मग लॅम्बटन, शिकदार, गुलाटी, गौतम आणि तराईतले खलाशी यांच्याविषयी सांगा.