मुंबईची चाके आणि मुंबईची वीज



विजेवर चालणाऱ्या मोटारी, बसगाड्या आणि दुचाक्या आपल्या रस्त्यांवर दिवसेंदिवस अधिक दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्या मागोमाग एक शंकाही घरोघरी ऐकू येऊ लागली आहे. एवढ्या सगळ्या गाड्यांना पुरेल इतकी वीज आणावयाची कोठून? संध्याकाळच्या वेळी घरोघरचे दिवे, पंखे आणि हवा थंड करणारी यंत्रे चालू असताना त्यांतच हजारो गाड्यांच्या बॅटऱ्या भरावयास लावल्या, तर आपल्या तारा तो भार सोसतील काय? शंका रास्त आहे. मात्र ती नवी नाही. मुंबईने हाच प्रश्न याआधी दोन वेळा सोडविला आहे: एकदा ट्रामसाठी आणि एकदा आगगाडीसाठी. ती उत्तरे कशी मिळाली, आणि त्यांची किंमत कोणी दिली, हे पाहिल्यावाचून आजच्या शंकेचे निरसन होणार नाही. या इतिहासाचे बरेचसे धागे शहराच्या पूर्व टोकाला, मानखुर्दच्या परिसरात एकत्र येतात. म्हणून आपणही त्या बाजूनेच या विषयाकडे पाहू.

मानखुर्दच्या दक्षिणेस ट्रॉम्बे, पश्चिमेस देवनार व चेंबूर आणि पूर्वेस ठाण्याची खाडी. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा लोहमार्ग प्रथम १९०६ साली घातला गेला, तो माणसांसाठी नव्हे, तर शहराचा केरकचरा वाहून नेण्यासाठी. उतारूंची वाहतूक त्यावर १९२४ मध्ये सुरू झाली. देवनारची कचराभूमी १९२७ सालची. पुढे हाच मार्ग मानखुर्दपर्यंत आला आणि १९९२ साली खाडी ओलांडून वाशीस पोचला. शहराला जे डोळ्यांआड करावयाचे असते ते ठेवण्याची जागा म्हणून या भागाची पहिली ओळख झाली. दुसरी ओळख विजेची. तिच्याकडे आपण क्रमाने येऊ.

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली धावू लागली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या बेस्टची पूर्वज संस्था, स्थापन झाली, आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम मुंबईच्या रस्त्यावर आली. तिला लागणारी वीज कंपनीच वाडीबंदर येथील आपल्या कोळशाच्या केंद्रात निर्माण करीत असे. गाडी ज्याची, वीजही त्याचीच. उद्या किती गाड्या निघणार आणि त्यांना किती वीज लागणार, हे एकाच कचेरीत ठरत होते. त्यामुळे पुरवठा आणि मागणी यांचा मेळ घालणे हे व्यवस्थापकाच्या रोजच्या कामापैकीच एक काम होते. गरज वाढली तेव्हा कंपनीने १९१२ मध्ये माझगावला मोठे केंद्र उभारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे सोपे होते.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा होता. जमशेटजी टाटांच्या मनात रुजलेली सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज करण्याची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर पुत्र दोराबजींनी सिद्धीस नेली. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली. लोणावळ्याजवळच्या तलावांत साठविलेले पावसाचे पाणी नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीस उतरू लागले, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत तेथील वीज सुमारे सत्तर किलोमीटर अंतर तारांवरून कापून मुंबईत आली. तिचे पहिले गिऱ्हाईक गिरण्या. परंतु गिरण्यांपुरतेच थांबून भागणार नाही, हे चालकांनी वेळीच ओळखले. १९१६ साली आंध्र व्हॅली कंपनी आणि १९१९ साली टाटा पॉवर कंपनी अशा आणखी दोन कंपन्या निघाल्या. भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले, भिऱ्याचे १९२७ मध्ये.

आता या सनांशेजारी आगगाडीचे सन मांडून पाहावेत. भारतातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली, आणि ती गेली हार्बर मार्गाने. म्हणजे आज मानखुर्द ज्या मार्गावर आहे त्याच मार्गाने. पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली हा मार्ग १९२८ च्या जानेवारीत विजेवर आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मात्र दुसऱ्यावर विसंबून न राहता कल्याणजवळ चोळे येथे, ज्यास आपण ठाकुर्लीचे वीजघर म्हणून ओळखतो, आपले स्वतःचे केंद्र १९२९ साली उभे केले. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी विजेच्या बळावर घाट चढू लागली, ती या सर्व तयारीनंतर.

या सनावळीतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. भिवपुरीची कंपनी निघाल्यानंतर नऊ वर्षांनी पहिली विजेची आगगाडी धावली. आधी धरण, मग केंद्र, मग तार, आणि सर्वांत शेवटी गाडी, असा तो क्रम होता. भार सोसला गेला, कारण भार येण्यापूर्वी खांदा तयार होता.

विजेच्या व्यवहारातील अडचण बहुधा एकूण मागणीची नसते; ती वेळेची असते. दिवसभरात किती वीज लागली यापेक्षा, एकाच क्षणी किती लागली याला महत्त्व आहे. ट्राम काय किंवा आगगाडी काय, धावते त्याच क्षणी वीज ओढते. कचेऱ्या दहाला उघडतात, म्हणून साऱ्या गाड्या नऊला भरून धावतात; संध्याकाळी परतीची गर्दी आणि घरोघरचे दिवे एकाच वेळी येतात. मुंबईचे दैव असे की, तिची पहिली मोठी वीज पाण्याची होती. तलावातले पाणी रात्री अडवून ठेवता येते आणि गर्दीच्या घटकेस सोडता येते. कोळशाच्या भट्टीला अशी लवचीकता नसते. लोणावळे, आंध्र खोरे आणि मुळशी येथील जलाशय हे वस्तुतः या शहराचे कोठार होते, आणि आजही आहेत.

परंतु या कोठाराची किंमत कोणी दिली, हेही इतिहासाने सांगितले पाहिजे. मुळशीच्या धरणाखाली सुपीक भातखाचरे आणि अनेक गावे जाणार होती. १९२१ सालच्या रामनवमीला तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पुढाऱ्यांत होते, आणि पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. लढा सुमारे तीन वर्षे चालला. धरण अखेर झालेच. मोबदला जमिनीच्या धन्यांना मिळाला, आणि त्यातील पुष्कळसा सावकारांच्या हाती गेला. ज्यांच्या शेतांवर पाणी आले त्यांच्या झोपड्यांत दिवा लागण्यास मात्र कित्येक वर्षे जावी लागली.

स्वातंत्र्यानंतर पाण्याची वीज अपुरी पडू लागली, आणि १९५६ साली ट्रॉम्बे येथे टाटांचे औष्णिक केंद्र सुरू झाले. पुढे १९८४ आणि १९९० मध्ये तेथे पाचपाचशे मेगावॉटचे दोन मोठे संच बसले. ट्रॉम्बेहून शहराकडे निघणाऱ्या उच्च दाबाच्या तारा चेंबूर-मानखुर्दच्या डोक्यावरून जातात. मुळशीने जी किंमत जमिनीच्या रूपाने दिली, तिचा एक हिस्सा या भागाने हवेच्या रूपाने दिला. शिवाय, लोकल गाड्यांचे मार्ग वाढविण्यासाठी रुळांलगतच्या झोपड्या या शतकाच्या आरंभी हलविण्यात आल्या, तेव्हा तेथील हजारो कुटुंबांचे पुनर्वसन मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत झाले. शहराच्या चाकांना वाट मोकळी करून देणारी ही माणसे वस्तीला आली तीही येथेच.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. एक साधा हिशेब करून पाहावा. लहान मोटार दिवसाकाठी तीस-पस्तीस किलोमीटर चालली, तर तिला पाचसहा युनिट वीज लागते. अशा एक लाख मोटारी धरल्या, तर रोज पाचसहा लाख युनिटे झाली. ती चोवीस तासांवर सारखी वाटली, तर भार जेमतेम वीस-पंचवीस मेगावॉट भरतो. उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत मुंबईची मागणी २०२४ साली चार हजार मेगावॉटच्या वर गेली होती; तिच्यापुढे हा आकडा किरकोळ आहे. परंतु त्याच एक लाख मोटारी रात्री आठच्या ठोक्याला, प्रत्येकी सात किलोवॉटच्या यंत्राने, एकदम भरावयास लावल्या, तर भार सातशे मेगावॉट होतो. खोपोली, भिवपुरी आणि भिरा या तिन्ही केंद्रांची आजची शक्ती एकत्र केली तरी ती ४४७ मेगावॉट आहे. गाड्या त्याच, वीजही तेवढीच. फरक केवळ घड्याळाचा!

बॅटरीच्या गाडीचा आणि तिच्या पूर्वजांचा भेद येथेच आहे. ट्रामला व आगगाडीला धावताना वीज घ्यावी लागे. बॅटरीची गाडी उभी असताना वीज घेते. म्हणजे प्रत्येक गाडीच्या पोटात एक छोटासा तलाव आहे, आणि तो केव्हा भरावयाचा हे ठरविणे आपल्या हाती आहे. पहाटे तीनला, शहर निजलेले असताना, किंवा भर दुपारी, सूर्यापासून मिळणारी वीज मुबलक असताना तो भरला, तर तारांना भार जाणवणारही नाही. वेळेप्रमाणे विजेचा दर कमीअधिक ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आली आहे, ती याच हेतूने.

तथापि घड्याळ सांभाळल्याने सर्व काही साधेल असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई एकाएकी थांबली. बाहेरून शहरात वीज आणणाऱ्या मोठ्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या. संकटकाळी शहराला बाहेरच्या जाळ्यापासून अलग करून वाचविण्याची जी योजना १९८१ पासून होती, ती त्या दिवशी टिकली नाही. लोकल गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. देशात वीज होती, परंतु ती बेटापर्यंत आणणारे मार्ग अपुरे होते. ४०० किलोव्होल्टची खारघर-विक्रोळी वाहिनी दीर्घ काळ रेंगाळून ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा या अरुंद वाटेला काहीशी रुंदी आली. १९१६ साली जी दूरदृष्टी भाराच्या नऊ वर्षे आधी धावली होती, ती या वेळी भाराच्या मागून आली, असे म्हणणे भाग आहे.

अरुंद वाट केवळ शहराच्या वेशीवर असते असेही नाही. ती गल्लीच्या तोंडाशीही असते. बेस्टने बॅटरीच्या बसगाड्या २०१७ च्या नोव्हेंबरात प्रथम आणल्या, आणि पुढे आगारांतून त्या भरण्याची यंत्रे बसली. त्यांपैकी शिवाजीनगरचे आगार मानखुर्दच्या शेजारीच आहे. शंभर बसगाड्या प्रत्येकी शंभर किलोवॉटने एकदम भरावयाच्या म्हटल्या, तर दहा मेगावॉट झाले. म्हणजे प्रत्येकी पाच किलोवॉट मंजूर भार असलेल्या दोन हजार घरांइतका भार, आणि तोही एका आवारात! अशा ठिकाणी स्वतंत्र तार व स्वतंत्र रोहित्र लागते, आणि आगाराला ते मिळतेही. ठाकुर्लीचे वीजघर बांधणाऱ्या रेल्वेप्रमाणे मोठे गिऱ्हाईक आपली सोय लावून घेते. लल्लूभाई कंपाउंडातल्या सातव्या मजल्यावर राहणारा आणि विजेच्या दुचाकीवरून दिवसभर घरोघरी सामान पोचविणारा तरुण मात्र ती सोय कोठून लावून घेणार? त्याला वाहन उभे करावयास जागा नाही, तेथे बॅटरी भरण्याची जागा कोठली? रात्री बॅटरी खोलीत आणून साध्या खटक्यावर लावली, तर सगळ्या इमारतीच्या जुन्या तारांवर तो ताण पडतो, आणि आगीचे भय राहते ते निराळेच.

म्हणून ‘तारा भार सोसतील काय’ या प्रश्नाचे उत्तर इतिहास होकारार्थी देतो, परंतु दोन अटींवर. पहिली अट अशी की, खांदा भारापूर्वी तयार झाला पाहिजे. एकदा उभारलेली व्यवस्था बदलता येत नाही, असे मात्र समजू नये. १९२५ साली १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर सुरू झालेला हार्बर मार्ग २०१६ साली, गाड्या बंद न पाडता, पंचवीस हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर नेण्यात आला. इच्छा आणि योजना असली, तर धावत्या शहरातही हे साधते.

दुसरी अट न्यायाची. मुळशीचे पाणी मुंबईस आले, आणि दिवे लागले ते मुंबईत. ट्रॉम्बेची वीज मानखुर्दच्या डोक्यावरून गेली. आता गल्लोगल्ली नवी रोहित्रे बसतील, नव्या तारा पडतील, आणि त्यांचा खर्च वीजदरातून सर्वांकडूनच वसूल होईल. मग त्या तारा केवळ मोठ्या सोसायट्यांच्या तळघरांपर्यंत जाऊन थांबाव्यात काय? पुनर्वसन वसाहतीच्या आवारात, स्थानकाबाहेर, रिक्षाच्या थांब्यावर बॅटरी सुरक्षितपणे भरण्याची किंवा बदलून घेण्याची सोय होणे ही मेहेरबानी नव्हे. शंभर वर्षे थकलेल्या हिशेबाचा तो एक छोटासा हप्ता आहे. वीज कोठून आणावी हे मुंबईला ठाऊक आहे. ती कोणाच्या दारापर्यंत न्यावी, हे ठरविताना मुळशी आणि मानखुर्द या दोन्ही नावांचा विसर पडू नये, इतकीच आपणास विनंती.