'एक' नावाचं आर्टिकल

फ्रेंच शिकायला लागलं की मराठी माणूस पहिल्यांदा अडखळतो तो 'अं', 'यून' आणि 'दे' पाशी. पुस्तक पुल्लिंगी म्हणून 'अं लिव्र', टेबल स्त्रीलिंगी म्हणून 'यून ताब्ल', अनेकवचन आलं की 'दे'. वर ऐकायला मिळतं, "मराठीत आर्टिकल नसतंच, पाठ करून टाका." पाठ करा की! पण मराठीत 'नसतंच' हे काही खरं नाही.

मुळात फ्रेंचच्या आजीकडे, म्हणजे लॅटिनकडेही आर्टिकल नव्हतं. 'उनुस' म्हणजे मोजायचा साधा 1. इसवी सन 842 मधल्या स्ट्रासबूर्गच्या शपथा हा फ्रेंचचा सगळ्यात जुना लेख मानतात, त्यातही ते नाही. पुढच्या काही शतकांत मोजणीचा हा शब्द नवख्या माणसाची ओळख करून द्यायच्या कामाला लागला आणि झिजून 'अं' झाला.

आता आपल्या घरी या. संस्कृतातही आर्टिकल नाही, 'एक' आहे. तेराव्या शतकातल्या महानुभाव गद्यात मात्र हा 'एक' नव्या कामावर रुजू झालेला दिसतो. दृष्टान्तपाठातली हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट कोण्या 'एका' गावातच घडते. तिथे गावांची मोजणी चाललेली नाही, बरं का!

शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्यात 'एक' अनेकवचनातही येतो, 'काहीजण' या अर्थाने. आणि गंमत पहा, जुन्या फ्रेंचमध्येही 'अं'ला अनेकवचन होतं, बुटांच्या जोडीसारख्या वस्तूंसाठी वापरायचे. पुढे तिकडे ती जागा 'दे'ने घेतली, इकडे 'काही'ने.

मग फरक कुठे पडला? फ्रेंचने आर्टिकल सक्तीचं केलं, मराठीने मर्जीवर ठेवलं. 'दारात माणूस उभा आहे' आणि 'दारात एक माणूस उभा आहे', दोन्ही चालतात. शिवाय आपल्याकडे 'एखादा' आहे! 'एक डॉक्टर शोधतोय' म्हटलं तर डोक्यात ठरावीक डॉक्टर असू शकतो. 'एखादा डॉक्टर शोधतोय' म्हणजे कुणीही चालेल. फ्रेंचचा बिचारा 'अं' दोन्ही कामं एकटाच करतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, मराठी लिहिताना 'एक' दिसला की "ही इंग्रजीची लागण" म्हणून तो खोडणारी मंडळी. 'ती एक डॉक्टर आहे' याबाबतीत त्यांचं बरोबर आहे. तिथे 'एक' नकोच. आर्टिकलशिवाय पान न हलणारी फ्रेंचसुद्धा तिथे आपल्यासारखंच नुसतं 'एल ए मेदसँ' म्हणते. पण 'वाटेत एक मुलगा भेटला' मधल्या 'एक'ला हात लावू नका. नगरचा किल्ला इंग्रजांनी घेतला 1803 साली. तेव्हा ज्ञानेश्वरीला 513 वर्षं झाली होती, आणि 'एक' त्याच्याही आधीपासून कामावर होता.

तेव्हा फ्रेंच शिकताना 'अं' हा परका नियम समजू नका. तो आपल्या 'एक'चाच लांबचा भाऊ आहे, फक्त त्याला सुट्टी मिळत नाही :)