पुस्तकातला काळा चौकोन

माढा तालुक्यातलं परितेवाडी हे ऊस-ज्वारीच्या मुलखातलं लहानसं गाव. २००९ साली तिथल्या जिल्हा परिषद शाळेवर बार्शीचे रणजितसिंह डिसले गुरुजी रुजू झाले. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून, वडिलांच्या सांगण्यावरून ते मास्तरकीकडं वळलेले. शाळेची इमारत मोडकळीला आलेली. एका अंगाला गुरांचा गोठा, दुसऱ्या अंगाला सामानाची खोली. पोरं शाळेत टिकत नव्हती. गुरुजींनी आपला लॅपटॉप नेला, गाणी अन् चित्रपट दाखवले. पोरं आधी त्यासाठी यायला लागली, मग शिकायला लागली.

शाळेत यंत्र आलं ही काही नवलाई नव्हती. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, दूरदर्शनवर मराठीतून शाळेचे कार्यक्रम लागायचे. त्या काळात आमच्याकडच्या शाळांतही टीव्ही आले. पण आलेली वस्तू आधी डेडस्टॉक रजिस्टरला चढायची. मोडली किंवा चोरीला गेली तर भरून कुणी द्यायची? मास्तरनं! मग तो बिचारा टीव्हीवर रुमाल टाकून कपाटाला कुलूप लावायचा. शिवाय कार्यक्रमाची वेळ वरून ठरलेली, अन् नेमकी त्याच वेळी वीज गेलेली. यंत्र शाळेत होतं, पण मास्तरच्या हातात नव्हतं.

डिसले गुरुजींनी वेगळी वाट धरली. क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. १९९४ साली जपानमध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला होता. गुरुजींनी तो पाठ्यपुस्तकात आणला. त्यावर फोनचा कॅमेरा धरला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ लागतो, गृहपाठ मिळतो. पुस्तक पोराच्या दप्तरात, फोन बापाच्या खिशात. कुलूप लावायला वस्तूच नाही! आणि चौकोनामागं काय ठेवायचं हे शिकवणाऱ्यानंच ठरवायचं. आपल्या वर्गाला कुठला धडा जड जातो, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

एका वाडीवरच्या शाळेचा हा प्रयोग पुढं राज्यानं उचलला. २०१७ साली महाराष्ट्रानं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं जाहीर केलं, आणि २०१८ साली एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही तशीच घोषणा झाली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. जिल्हा परिषदेच्या मास्तरचं नाव जगात गाजलं, तेव्हा गावोगावच्या मास्तरांची मान ताठ झाली.

पण ते सालच कोरोनाचं. मार्चमध्ये शाळांना कुलपं लागली, आणि पुस्तकातल्या त्या चौकोनाची खरी परीक्षा तेव्हा झाली. ज्याच्या घरी चांगला फोन, त्याचं थोडंफार शिक्षण चालू राहिलं. बाकीच्या घरी बटणाचा फोन, नाहीतर बाप फोन खिशात घालून उजाडताच रानात गेलेला. संध्याकाळी परत आला की फोन आधी थोरल्या पोराकडं. पोरीची पाळी भांडी घासून झाल्यावर, अन् तोवर डेटा संपलेला. "उद्या बघ की," म्हणायचं अन् विषय मिटवायचा.

म्हणून या कामाचा इतिहास बक्षिसापाशी संपवता येत नाही. कपाटाचं कुलूप एका मास्तरनं आपल्या अकलेनं चुकवलं. घरातल्या फोनवर पोरीचाही हक्क आहे, हे मात्र कुठल्या चौकोनानं होणारं काम नव्हे. त्यासाठी मास्तरला अजूनही शाळा सुटल्यावर उंबऱ्यापर्यंत जावं लागतं, ओसरीवर टेकून चहा घ्यावा लागतो, आणि बापाला म्हणावं लागतं, "दादा, रोज अर्धा तास फोन तिच्याकडं द्या. एवढंच मागायला आलोय."